काटापावतीच्या पाठीवरचं गणित

रात्रपाळी सुटली की मी सरळ घरी जात नाही. आधी बारवेवर जातो. अंगावर रुई, भुवया पांढऱ्या. पोरं म्हणतात, म्हातारा आला. वय माझं सव्वीस.

आमचं चारठाणा जुन्या देवळांचं गाव. लांबून लोक येतात, दगडांचे फोटो काढतात. मी बारवेच्या पायरीवर बसून इंटिग्रेशन करतो. हसू आलं तर हसा. जिनिंगमधले दोस्तही हसलेच.

बारावी सायन्स केली तेव्हा वर्षभर आम्हाला गणिताला मास्तरच नव्हता. पाठ करून पास झालो. मग बा आजारी पडला आणि मी जिनिंगला लागलो. सात सीझन झाले. मशीन अडली की शहरातून इंजिनिअर येतो. तो जिथं हात घालतो तिथं माझा हात सात वर्षं आहे. पण कागदावर सही त्याची लागते. म्हणून या साली एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरला.

माय म्हणाली, "सव्वीस वर्साचा झालास, लेकरायसंगं परीक्षेला बसतूस का रं?"

मी म्हणलं, "बसतो माय. बाकावर वय लिहिलेलं नसतं."

बालभारतीचं बारावीचं गणिताचं पुस्तक मोबाईलवर फुकट मिळतं. दुसऱ्या भागात आठ धडे, त्यातले पहिले सहा कलनाचेच. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन आणि त्यांचा गोतावळा. कागद विकत कुठं घेणार? काटापावत्यांची पाठ कोरी असते. एका पावतीवर कविता, दुसरीवर गणित. कधी कधी दोन्ही एकाच पावतीवर येतात आणि मग कुणाचंच नीट होत नाही.

डेरिव्हेटिव्ह मला मशीनवर कळलं. शंभर किलो कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मुकादम विचारतो, ताशी किती काढली? आम्ही पाळीची सगळी रुई तासांनी भागून सांगतो. पण पहाटे तीनला डोळे मिटत असतात तेव्हाचा वेग निराळा आणि पाळी सुटायच्या आधीचा निराळा. ऐन तीन वाजता वेग किती होता? मग एका तासाऐवजी दहा मिनिटांचा हिशोब घ्या, मग एका मिनिटाचा, मग एका सेकंदाचा. वेळ शून्याजवळ न्यायची, पण शून्य करायची नाही. शून्य केली तर भागाकारच मोडतो. ही एवढी गोष्ट समजायला मला चार रात्री लागल्या.

इंटिग्रेशन बारवेनं शिकवलं. समजा एक बारव वर वीस हात चौरस आहे, खाली निमुळती होत टोकाला गेलेली, खोली दहा हात. तिच्यात पाणी किती मावेल? एकेक हात जाडीचे दहा थर धरले आणि प्रत्येक थराची वरची बाजू मोजली तर बेरीज १५४० घनहात येते. अर्ध्या हाताचे वीस थर केले तर १४३५. पाव हाताचे चाळीस केले तर १३८४ च्या जरा आत. पायरी जितकी बारीक, तितकं उत्तर खऱ्याजवळ. खरं उत्तर १३३३ आणि वर एक तृतीयांश. ते सूत्रानं दोन ओळींत येतं. पण मी चाळीस थरांची बेरीज हातानं केली. सकाळचे दहा वाजले. माय शोधत आली.

आजा सांगायचा, गावोगावच्या बारवांवर आपली जागा वरच्या काठाला. कुणाला दया आली तर ओंजळीत पाणी. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यात उतरले, त्याला शंभर वर्षं होत आली. आजा मात्र शेवटपर्यंत काठावरच थांबायचा. कुणी अडवत नव्हतं तरी थांबायचा. मी खालच्या पायरीवर बसून पाण्याचं माप काढतो. त्यानं बघायला पाहिजे होतं.

आता अडचण सांगतो. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीत मिळतात. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत. ज्या विषयात आकडे बोलतात, नेमका तोच. मराठीत अवकलन, समाकलन असे शब्द आहेत. पण ते पेपरात भेटत नाहीत आणि आमच्या आळीत तर त्याहून नाहीत. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारशी घ्यावी लागली. पुढं त्यांनी संस्कृत आपलं आपण मिळवलं. म्हणून मी रडत नाही. रोज वीस इंग्रजी शब्द लिहितो. 'रेट' म्हणजे वेग. 'स्लोप' म्हणजे उतार. 'बाउंडेड' म्हणजे बांधलेलं. हा शब्द बघून थोडा वेळ थांबलो.

दुसरी अडचण घड्याळाची. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटं, प्रत्येकाला दोन मार्क. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. जी गोष्ट मला चार रात्रींत समजली तिला तिथं दोन मिनिटंसुद्धा नाहीत. क्लासची पोरं उत्तर बघूनच ओळखतात. दोस्त म्हणतो, "चुकलं तर मार्क कापत नाहीत, अंदाजानं ठोक." उरलेल्यांना ठोकीन, खोटं कशाला सांगू. पण बारवेसारखं गणित आलं तर ते ठोकणार नाही. तिथं वेळ जाऊ दे.

सीझन आता संपत आलाय. जिनिंग बंद झाली की मजुरी बंद, पण अभ्यासाला दिवस मिळतील. उपाशी दिवस आणि मोकळे दिवस आमच्याकडं एकदमच येतात.

पास होईन की नाही ठाऊक नाही. काल पहाटे माय बारवेवर आली. पावती बघून म्हणाली, "हे काय लिव्हलंस?"

मी म्हणलं, "माय, यात पाणी किती मावतं ते."

ती काठावर उभी होती. म्हणलं, खाली ये, दाखवतो. चप्पल हातात घ्यायला वाकली. मी म्हणलं, "राहू दे पायात. पायऱ्या टोचतात."

ती चप्पल घालूनच उतरली.