आजाच्या डोळ्याचा थेंब

आमच्या घरी आई, बाबा, मी, धाकटा भाऊ आणि माझा आजा असे पाच जण आहोत. आमचा पाडा तलासरी तालुक्यात आहे. आजाच्या डोळ्यांत रोज रात्री औषध टाकायचे काम माझ्याकडे आहे. त्याविषयी मी लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आजा चालताना कुडाला धडकू लागला. समोरचे त्याला दिसे, पण बाजूने आलेली बकरी दिसत नसे. आम्हाला वाटले, मोतीबिंदू असेल. बाबांनी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. मीही सोबत गेले. डॉक्टरबाईंनी यंत्राने डोळ्यातला दाब मोजला. तो साधारण 10 ते 21 असतो. आजाचा 32 भरला. बाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला काचबिंदू आहे."

बाईंनी आम्हाला समजावून सांगितले. डोळ्यात सतत पाणी तयार होते आणि बारीक जाळीतून बाहेर जाते. शेताच्या बांधाची मोरी तुंबली की पाणी साचते ना, तसेच डोळ्यात होते. दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू मरते. आधी बाजूची नजर जाते. दुखत काहीच नाही, म्हणून माणसाला कळत नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन केले की पुन्हा दिसते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषध फक्त उरलेली नजर राखते.

मग त्यांनी विचारले, "दमा आहे का?" आजाला थंडीत धाप लागते. तेव्हा बाईंनी टिमोलॉल नावाचे औषध न देता दुसरे लिहून दिले. टिमोलॉलने दम्याच्या माणसाचा श्वास कोंडू शकतो. आमच्या शेजारच्या काकांना तेच औषध आहे. म्हणून एकाची बाटली दुसऱ्याने वापरायची नाही, रोग एकच असला तरी.

आता माझी चूक सांगते. मागच्या मे महिन्यात मी घोलवडला मामाकडे गेले. मामा चिकूच्या वाडीत कामाला आहे. जाताना मी आजाला म्हटले, "आजा, तूच टाक हां." महिन्याने परत आले तर बाटली तशीच! आजा बोलला, "डोळा दुखत नाय पोरी, मग औषध कशाला?" कधीतरी त्याने टाकले होते, ते तीन-चार थेंब एकदम, आणि बाटलीचे टोक डोळ्याला लावून. डोळा लाल झाला होता. कोणी म्हणाले, दुकानातून लालीचे थेंब आणा. पण बाबा त्याला पुन्हा बाईंकडेच घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "बरे केले. तसल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते, त्याने दाब आणखी वाढतो."

दाब 17 वर आला होता, तो परत 28 झाला. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "या महिन्यात जे गेले असेल, ते मला परत आणता येणार नाही." मला फार रडू आले.

आता मी असे करते. आधी साबणाने हात धुते. आजाला मान मागे करून वर बघायला सांगते. खालची पापणी ओढून एकच थेंब टाकते. टोक कुठेही लागू देत नाही. मग आजा डोळा मिटतो आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरतो. त्यामुळे औषध नाकातून घशात उतरत नाही. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे थांबावे.

रोज थेंब टाकला की मी कुडावर तांदळाच्या पिठाचा एक ठिपका काढते. 28 ठिपके झाले की बाटली फेकायची, औषध उरले असले तरी. मी नसले तर भाऊ टाकतो. त्याला मी शिकवले आहे.

पालकांनो, चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब एकदा मोजून घ्या. घरात कोणाला काचबिंदू असेल तर नक्कीच घ्या. माझ्या बाबांनी मोजून घेतला. आजा अजून मला दारातून येताना ओळखतो. तेवढे राहू दे, असे मला रोज रात्री वाटते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी