पांढऱ्या चकतीचे मोल

१/ एकोणिसाव्या शतकात मिसिसिपीच्या आगबोटींतून पोकरचा खेळ अमेरिकेत पसरला. १८४९ नंतर कॅलिफोर्नियाच्या खाणवस्त्यांत सोन्याची भुकटीही पणाला लागे. ती दरवेळी तोलावी लागे, आणि तोल आला की तंटा आला. चिप, म्हणजे मोजता येणारी एकसारखी चकती, हा त्यावरचा तोडगा.

२/ आधी हाडाच्या व हस्तिदंताच्या, मग मातीच्या मिश्रणाच्या चकत्या घडू लागल्या. घरगुती खेळाच्या शंभराच्या पेटीत एक वाटणी रूढ झाली: ५० पांढऱ्या, २५ लाल, २५ निळ्या. मूल्ये अनुक्रमे १, ५ आणि १०.

३/ हिशेब मांडावा: ५० + १२५ + २५० = ४२५. पेटीतील निम्म्या चकत्यांचे मोल एकूण मोलाच्या आठव्या हिश्श्याहूनही कमी!

४/ तरीही कवडीमोल वाटणाऱ्या या पांढऱ्यांवाचून डाव अडतो. त्या संपल्या की सुट्यांसाठी खोळंबा होतो. मग सोयीखातर किमान पण एकाचा पाच होतो. बेताच्या पैशांनिशी बसलेला गडी तिथेच उठतो. पेटीची वाटणी ठरवणारा यजमान नकळत हेही ठरवतो, की शेवटपर्यंत कोण बसेल.

५/ निळीचा मान मात्र दलाल स्ट्रीटपर्यंत पोहोचला: भक्कम कंपन्यांचे समभाग ते ‘ब्लू चिप’.

६/ चकती हातून सुटताना पैसा सुटल्याची कळ जाणवत नाही. म्हणूनच जाणता यजमान पहिल्या वाटपाआधी मोल सांगतो आणि वाटलेल्या प्रत्येक चकतीमागची रोकड पेटीत जपतो.