अड्यारचा वड

मराठीच्या प्राध्यापकाने आयुष्यात एकदा तरी तंजावर पाहावे, असे आमचे गुरुजन म्हणत. तो योग मला त्रेचाळिसाव्या वर्षी आला. सरस्वती महालातल्या मराठी हस्तलिखितांचे दर्शन घेतले. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास मान दुखेपर्यंत वाचला. केळीच्या पानावर तीन दिवस भात जेवलो आणि रात्रीच्या गाडीने निघून सकाळी चेन्नईच्या एग्मोर स्टेशनात उतरलो. मुंबईची गाडी दुसऱ्या दिवशीची होती.

सौभाग्यवतींनी साड्यांची यादी दिली होती. पण खरे सांगायचे तर तो दिवस मी साड्यांसाठी मोकळा ठेवला नव्हता. मला अड्यारला जायचे होते आणि तिथे अण्णांना भेटायचे होते.

अण्णा आमच्याच कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठे. निवृत्त झाल्यावर लेकीकडे बेझंटनगरला राहायला आले. पाच वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. भांडण झाले म्हणावे, तर तेही नाही. त्यांच्याशी बोलू नये, अशी मला आज्ञा होती.

ही आज्ञा कुणाची, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. वर्गात संतवाङ्मय शिकवणारा, एम. ए. झालेला माणूस असा कसा नादी लागला, असे तुम्ही मनात म्हणाल. म्हणा. वडील गेले त्या वर्षी मी फार खचलो होतो. एका स्नेह्याने मला एका गुरुवारी आमच्या शहरातल्या एका गुरुजींकडे नेले. त्यांचे नाव मी इथे घेत नाही. शांत खोली, उदबत्तीचा मंद वास, तीस-चाळीस घरांतली सालस माणसे. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “झोप लागत नाही ना?” मला खरोखरच लागत नव्हती. त्या रात्री लागली. पुढे मुलगी डेंग्यूने आजारी पडली तेव्हा ‘परिवारा’तल्या बायकांनी पंधरा दिवस आमच्या घरी डबे पोचवले. ते मी विसरलेलो नाही.

मग वही आली. पहिल्या वर्षी वहीत रोज रात्री स्वतःचे दोष लिहायचे. दुसऱ्या वर्षी मनात आलेल्या शंका लिहायच्या. तिसऱ्या वर्षापासून गुरुबंधूंच्या बोलण्यात काही खटकले तर तेही लिहायचे. दर गुरुवारी वह्या गोळा होत आणि परत येत तेव्हा समासात तांबड्या शाईची टिपणे असत. जन्मभर मुलांच्या वह्या तपासणारा मी, आपली वही तपासून आली की पास झाल्यासारखा हरखत असे. फ्रीज घ्यावा का, दिवाळीत सासुरवाडीला जावे का, मुलीला शाळेच्या सहलीला पाठवावे का, सगळे विचारून होऊ लागले. जबरदस्ती कोणी केली नाही. विचारले नाही, तर दुसऱ्या गुरुवारी गुरुजी माझ्याकडे पाहत नसत, एवढेच. तेवढे पुरत असे.

अण्णांना परिवारात मीच नेले होते. गणिती माणूस, ते प्रश्न विचारत. एकदा त्यांच्या टेबलावर मी जे. कृष्णमूर्तींचे पुस्तक पाहिले. गुरू नको म्हणणाऱ्या माणसाचे पुस्तक! त्या रात्री मी ते वहीत लिहिले. मला वाटले, अण्णांचे भलेच होईल. पुढच्या गुरुवारी आज्ञा झाली: अण्णांशी कोणी बोलायचे नाही.

सहा महिन्यांनी वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, वारल्या. त्यांचे घर आमच्या घरापासून चार मिनिटांवर. मी गेलो नाही. त्या संध्याकाळी मी गुरुजींच्या प्रवचनांची मुद्रिते तपासत बसलो होतो.

ती प्रवचने हाच पुढे माझ्या सुटकेचा दरवाजा ठरला. गुरुजी बोलत ते विस्कळीत असे. ते नीट मराठीत उतरवण्याचे काम प्राध्यापक म्हणून माझ्याकडे आले होते. वाक्य अर्धे असेल तर मी पुरे करी. दाखला हुकला असेल तर नवा घाली. परिच्छेदाच्या शेवटी एखादे चटकदार वाक्य पदरचे टाकी. वर्गात मी ‘लीळाचरित्र’ शिकवतो. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करण्यासाठी म्हाइंभट गावोगाव वणवणले आणि ऐकलेले पुन्हा पुन्हा पडताळून घेतले, हे मुलांना दरवर्षी कौतुकाने सांगतो. आणि इकडे मी घरबसल्या, चहा पीत, गुरुवचने तयार करीत होतो!

एका गुरुवारी मी काही शंका काढली. तेव्हा एक कोवळा मुलगा उठला आणि गुरुजींचे एक वचन माझ्या तोंडावर फेकून त्याने मला गप्प केले. सभा गहिवरली. ते वाक्य माझे होते. कधी सुचले तेही मला आठवत होते: बसस्टॉपवर. नंतर मी एकांतात गुरुजींना हे सांगितले. ते हसून म्हणाले, “वाक्य माझेच आहे. तुझ्या हातून लिहिले गेले, इतकेच.” नऊ वर्षे अशी उत्तरे ऐकून मी नमस्कार करीत आलो होतो. त्या दिवशी माझे हात जोडले गेले नाहीत.

पुढच्या गुरुवारी मी गेलो नाही. “आज वही न्यायची नाही?” सौ. ने विचारले. नाही म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बरे झाले. मुलीची सहल आहे. आता आपली आपणच परवानगी देऊ.” त्या महिन्यात चाळीस घरे आम्हाला ओळखीनाशी झाली. भाजीबाजारात माणसे रस्ता ओलांडून पलीकडे जात. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? रस्ता कसा ओलांडायचा, हे मलाही चांगले येत होते.

ह्या गोष्टीला दोन वर्षे झाली होती. अण्णांशी न बोलण्याच्या पाच वर्षांपैकी पहिली तीन आज्ञेची. शेवटची दोन नुसत्या लाजेची. तंजावर ठरले तेव्हा मी फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अण्णा म्हणाले, “थिऑसॉफिकल सोसायटीच्या फाटकाशी ये. आत ठराविक वेळीच सोडतात. उशीर करू नकोस.”

मी अर्धा तास आधी पोचलो. अण्णा वाळले होते. हातात काठी आली होती. “ये,” म्हणाले आणि चालू लागले. फाटकाबाहेर बसगाड्यांचा कर्कश गोंगाट होता. आत पाऊल टाकले आणि एखादे जाड पुस्तक मिटावे तसा तो मिटला. झाडेच झाडे. तांबड्या मातीच्या वाटा. एका बाजूला अड्यार नदी समुद्राला मिळायला निघालेली.

थिऑसॉफिकल सोसायटी न्यूयॉर्कला १८७५ साली स्थापन झाली. ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट हे तिचे संस्थापक १८८२ मध्ये ह्या नदीकाठी मुक्कामाला आले. ऑल्कॉटनी १८८६ साली इथे ग्रंथालय काढले. आवारात मंदिर आहे, चर्च आहे, मशीद आहे, बुद्धाचेही स्थान आहे. सत्यापेक्षा मोठा धर्म नाही, अशा अर्थाचे संस्थेचे बोधवाक्य. ॲनी बेझंटबाई १९०७ पासून १९३३ मध्ये इथेच देह ठेवीपर्यंत अध्यक्ष होत्या. आपल्याकडे त्या ठाऊक आहेत त्या टिळकांच्या बरोबरीने होमरूलची चळवळ उभारणाऱ्या म्हणून. अशा खंबीर बाईलाही एका गोष्टीचा ध्यास लागला होता: जगद्गुरू येणार आहे, त्याच्यासाठी पात्र तयार ठेवले पाहिजे.

ते पात्र सापडले १९०९ साली, इथल्याच समुद्रकिनाऱ्यावर. जिद्दू नारायणय्या नावाचे निवृत्त सरकारी नोकर संस्थेच्या कामासाठी मुलांना घेऊन इथे आले होते. पत्नी आधीच वारलेली. मुलगा कृष्णमूर्ती चौदाच्या आसपासचा, किडकिडीत, शाळेत मार खाणारा. बेझंटबाईंचे सहकारी लेडबीटर ह्यांनी त्याला वाळूत पाहिले आणि हाच तो, असे ठरवले. मुलाला त्यांनी हाताशी धरले. खाणे, नाहणे, अभ्यास, व्यायाम, सारे आखून दिले. १९१० साली त्याच्या नावावर एक छोटे पुस्तकही निघाले. मुलाच्या टिपणांवर लेडबीटरांनी हात फिरवला होता; म्हणून ते खरे कुणाचे, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

“तुझ्या धंद्यातलेच दिसतात लेडबीटर,” अण्णा म्हणाले. मला हसावे की नाही कळेना. त्यांना ही हकिकत कुणी सांगितली होती कोण जाणे!

१९११ साली जगद्गुरूच्या स्वागतासाठी ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ नावाचा संघ निघाला. बापाने मुले परत मिळावीत म्हणून बेझंटबाईंवर फिर्याद केली. मद्रासला जिंकला, पण १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात हरला. मुलगा विलायतेत वाढला, मोठा झाला. १९२५ साली त्याचा जिवलग भाऊ नित्यानंद क्षयाने गेला. तो जगणार, अशी ग्वाही वरच्या अदृश्य गुरूंकडून मिळाली आहे, असे सगळे समजून होते, कृष्णमूर्तीही. तिथे काहीतरी तुटले असावे. ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधल्या ओमेन इथे, सुमारे तीन हजार अनुयायांसमोर आणि खुद्द बेझंटबाईंसमोर, त्यांनी तो संघ बरखास्त केला. सत्याकडे कोणतीही संघटना माणसाला नेऊ शकत नाही आणि मला अनुयायी नकोत, असे सांगितले. संघासाठी मिळालेला वाडा आणि बरीचशी जमीन मूळ मालकाला परत गेली. आम्हाला शिष्य सुटताना ठाऊक. इथे गुरूच सुटला!

बोलत बोलत आम्ही वडापाशी आलो. हा अड्यारचा प्रसिद्ध वड. वय साडेचारशे वर्षांच्या आसपासचे सांगतात. एके काळी त्याच्या सावलीत सभा भरत. मी मूळ खोड कुठे आहे म्हणून शोधू लागलो. अण्णांनी काठीने मधली मोकळी जागा दाखवली. मूळ खोड १९८९ साली वादळात पडले. आता उभे आहे ते सारे पारंब्यांवर.

“लोक येतात ते आधी खोडच शोधतात,” अण्णा म्हणाले.

वेळ संपली म्हणून रखवालदाराने शिट्टी वाजवली. आम्ही रिक्षाने बेझंटनगरच्या किनाऱ्यावर गेलो. बेझंटबाई गेल्यावर कृष्णमूर्ती सत्तेचाळीस वर्षे सोसायटीच्या आवारात आले नाहीत. १९८० मध्ये त्यांना पुन्हा सन्मानाने बोलावले गेले. ज्या वाळूत ते सापडले, तिच्यावरच ते अखेरच्या हिवाळ्यापर्यंत फिरायला येत. १९८६ च्या जानेवारीत इथून गेले आणि १७ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात वारले.

समुद्र खवळलेला होता. मी पाठ करून आणलेले सगळे विसरलो. एवढेच म्हणालो, “अण्णा, त्या पुस्तकाचे वहीत मी लिहिले होते.”

“ठाऊक आहे. टेबलाशी दुसरे कोण येत होते?”

“आणि वहिनी गेल्या तेव्हा मी—”

“मी वाट पाहिली,” अण्णा समुद्राकडे बघत म्हणाले. “तेराव्यापर्यंत. दाराची कडी वाजली की वाटे, तू आलास. तुझ्या वहिनीला तुझे फार होते. मी काही विसरलेलो नाही बरे का. आणि जाऊ दे, असेही म्हणणार नाही.”

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते. गुरुजींनी मला फसवले, असे दोन वर्षे मी स्वतःला सांगत आलो होतो. ते खरे असेल. पण अण्णांच्या दाराची कडी न वाजवणारा हात गुरुजींचा नव्हता. त्यांच्यापासून सुटायला मला एक गुरुवार पुरला. त्यांच्यापायी ज्यांना तोडले त्यांच्यापर्यंत परत यायला दोन वर्षे लागली आणि तो रस्ता अजून संपलेला नव्हता.

वाळू झटकत अण्णा उठले. “चल जेवायला. लेक थांबली असेल.”

घरात शिरताच समोर वहिनींचा फोटो होता. मी त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिलो. अण्णांनी मला उभे राहू दिले. मग लेकीने पाने मांडली. वरणभात, लिंबाची फोड, काकडीची कोशिंबीर. परमुलखात अस्सल मराठी जेवण. वाढताना ती म्हणाली, “काका, आईच्या हातची कोशिंबीर तुम्हाला आवडायची ना? तशी जमली आहे का सांगा.” मला घास गिळवेना.

निघताना अण्णांनी एक जुने पुस्तक माझ्या पिशवीत टाकले. तेच ते, टेबलावरचे.

“वाच,” ते म्हणाले. “पण जपून. हा माणूस मी गुरू नव्हे, मी गुरू नव्हे, असे सत्तावन्न वर्षे सांगत जगभर हिंडला आणि लोक त्याच्याही पुढे हात जोडूनच बसले. सवय वाईट! कळले नाही तर मला फोन कर. मला पटेलच असे नाही.”

“करीन,” मी म्हणालो.

“आणि हे बघ,” जिन्यावरून त्यांनी हाक मारली, “वहीत लिहू नकोस.”

साड्या राहूनच गेल्या. सौ. ने पिशवी उघडली, पुस्तक पाहिले, अण्णांचे नाव वाचले आणि साड्यांचे विचारलेच नाही.