चोविशीची वेस

आपल्या समाजात मुलीच्या वयाचा हिशेब ठेवणारे पुष्कळ असतात. चोवीस म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार स्थळाचा येतो. आमच्या घरात मात्र गेली काही वर्षे हा आकडा निराळ्याच अर्थाने वावरत होता. भारतीय हवाई दलाच्या उड्डाण शाखेत पदवीनंतर प्रवेश घ्यायचा तर उमेदवाराचे वय वीस ते चोवीस वर्षांच्या दरम्यान असावे लागते. हे वय अर्जाच्या किंवा परीक्षेच्या दिवशी मोजले जात नाही. ज्या जानेवारीत अथवा जुलैत प्रशिक्षण सुरू व्हायचे त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजले जाते, आणि परीक्षा त्याआधी जवळजवळ वर्षभर होते. म्हणजे चोविशीची वेस कागदावर दिसते त्याहून एक वर्ष अलीकडेच उभी असते. आमच्या कन्येचा जन्म फेब्रुवारी २००२ मधला. हा हिशेब आम्हा उभयतांना तिनेच कॅलेंडर पुढ्यात ठेवून समजावून सांगितला होता.

तिला हा ध्यास लागला तो नववीत असताना. १८ जून २०१६ रोजी हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील वायुसेना अकादमीतून अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तिघी देशाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. वर्तमानपत्रातील ते छायाचित्र तिने कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. महिलांनी हवाई दलाची विमाने चालवणे त्यापूर्वीच सुरू झाले होते. हरिता कौर देओल हिने १९९४ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी एकटीने विमान उडवले, आणि अवघ्या दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, विमान अपघातातच तिचा अंत झाला. हा दुसरा भाग कन्येनेच आम्हाला सांगितला. तो लपवून परवानगी मागणे तिला पटले नसावे. घरातल्या ज्येष्ठांनी भुवया उंचावल्या. आमच्या सात पिढ्यांनी केळीची आणि पानवेलींची वाडी केली, फार तर कुणी शिक्षक झाले, कुणी परिचारिका झाली. विमानाशी आमचा संबंध आखातात नोकरीला जाणाऱ्या भावाला सहार विमानतळावर निरोप देण्यापुरताच.

वयाने तिला पहिला धक्का दिला तो चोविशीच्या पुष्कळ आधी. ती २०२० साली बारावी झाली तेव्हा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची दारे मुलींना बंद होती. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना त्या परीक्षेला बसण्याची मुभा मिळाली. घरात आनंदीआनंद झाला. पण जाहिरात वाचली तर जन्मतारीख २ जानेवारी २००३ किंवा त्यानंतरची हवी होती. तिच्याहून अकरा महिन्यांनी धाकटी असलेली मुलगी बसू शकत होती, ती नाही. एखादा नियम अन्यायाचा असला तर त्याविरुद्ध बोलता तरी येते. येथे तर न्याय झाला होता, फक्त तो तिच्यासाठी उशिरा झाला होता. मुलींना अशा परीक्षांसाठी तयार करणारी शासकीय संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. मुलांसाठी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, तशी संस्था १९७७ पासून आहे. या दोन सालांमधले अंतर एखाद्या मुलीच्या आयुष्यात काय उलथापालथ करते ते आम्ही जवळून पाहिले.

भौतिकशास्त्र घेऊन ती २०२३ साली पदवीधर झाली आणि ऑगस्टमध्ये ॲफकॅट या लेखी परीक्षेला बसली. शंभर प्रश्न, तीनशे गुण, बरोबर उत्तराला तीन आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. त्यातून निवडल्या जाणाऱ्यांना निवड मंडळाकडे बोलावणे येते. म्हैसूर, डेहराडून, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी ही मंडळे आहेत. तेथे पहिल्याच दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी होते आणि एक अंधूक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला व गटात चर्चा करायला सांगतात. त्यातून जे उरतात त्यांच्याच पुढच्या चार-पाच दिवसांच्या परीक्षा होतात, बाकीचे दुपारनंतर आपली बॅग उचलून स्टेशनची वाट धरतात. आमची कन्या म्हैसूरहून पहिल्याच दिवशी परतली. पहिल्या खेपेचे रेल्वेचे भाडे हवाई दलाने दिले. पुढच्या फेब्रुवारीच्या परीक्षेनंतर ती गांधीनगरला गेली, तेथूनही पहिल्याच दिवशी परतली. या खेपेचे भाडे घरचे. ऑगस्ट २०२४ च्या लेखी परीक्षेत काही गुणांनी हुकली.

येथे एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी, कारण पुष्कळ पालकांना ती ठाऊक नसते. निवड मंडळाने शिफारस केलेल्या उमेदवारांची उड्डाणासाठी संगणकावर एक खास चाचणी होते. डोळे, हात, पाय आणि लक्ष यांचा मेळ किती बसतो ते त्यात पाहतात. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. जो तीत नापास झाला त्याला उड्डाण शाखेचे दार कायमचे मिटले, मग त्याचे वय एकवीस असो की तेवीस. म्हणजे पहिल्या दिवशी घरी पाठवलेला उमेदवार एका अर्थी भाग्यवान, कारण त्याचा तो एकमेव डाव अजून शिल्लक असतो. दोनदा हात हलवत परत आलेल्या मुलीची समजूत घालताना आम्ही याच गोष्टीचा आधार घेत असू. ती निमूट ऐकून घेई. तिला ते आमच्याआधीच ठाऊक होते.

दरम्यान रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या आवारात आमची निराळीच परीक्षा चालू असे. स्थळे येत होती. एक तर खरोखरच चांगले होते, मुलगा कुवेतला, माणसे परिचयाची. पंचविशीच्या आतील उमेदवार अविवाहित असला पाहिजे आणि प्रशिक्षण संपेपर्यंत विवाह करता येत नाही, असा हवाई दलाचा नियम आहे. हे आम्ही सांगितले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "मग नापास झाली की कळवा." त्यात दुष्टावा काही नव्हता. त्या आमच्या मुलीवर प्रेमच करतात, त्यांना फक्त तिच्या चोविशीची निराळी काळजी होती.

फेब्रुवारी २०२५ ची परीक्षा शेवटची. तीतून मिळणारा प्रवेश १ जानेवारी २०२६ चा; त्या दिवशी ती तेवीस वर्षे अकरा महिन्यांची असणार होती. या वेळी गांधीनगरहून पहिल्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्याही दिवशी आला नाही. अशा वेळी फोन न येणे ही आनंदाची बातमी असते, हे घरातल्या आजीला पटवणे महाकठीण गेले. शेवटी फोन आला: शिफारस झाली, आणि संगणकावरची ती एकदाची चाचणीही पार पडली. पुढे बंगळुरूला वैद्यकीय तपासणी झाली. तेथे माणसाची गुणवत्ता सेंटिमीटरमध्ये मोजतात. उंची किमान १६२.५, पायांची लांबी किमान ९९, मांडीची लांबी ६४ च्या आत, बसलेल्या स्थितीतील उंची ८१.५ ते ९६. विमानाच्या आसनात माणूस नेमका बसला पाहिजे आणि प्रसंगी आसनासह बाहेर फेकला गेला तर पाय शाबूत राहिले पाहिजेत, असे त्यामागचे कारण आहे. देवाने दिलेल्या मापांविषयी तक्रार करायची वेळ आली नाही. ती सर्व कसोट्यांत बसली.

आणि वर्षाच्या अखेरीस लागलेल्या अखिल भारतीय गुणवत्ता यादीत तिचे नाव नव्हते. पात्र ठरलेले सारेच घेतले जात नाहीत, जेवढ्या जागा तेवढीच नावे. ती यादी दोनदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचून तिने संगणक बंद केला.

वयाची ही अट मुळातच चुकीची आहे, असे आम्ही म्हणणार नाही. वैमानिकाच्या प्रशिक्षणावर सरकार अफाट खर्च करते, कमिशन मिळाल्यावर चौदा वर्षांची सेवा अपेक्षित असते, आणि वेगवान विमानात शरीराने सोसायचे ते तरुणपणीच शिकावे हे खरे. पण अमेरिकेच्या हवाई दलात वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी तेहतिसाव्या वर्षापर्यंत घेतात, आणि मानवी शरीर तेथे काही निराळे नसते. रेषा कुठे तरी ओढावीच लागते, एवढेच कबूल करावे. ती रेषा जिच्या पायाशी येते तिला मात्र हे समजूतदारपणाचे बोल फारसे उपयोगी पडत नाहीत.

आपल्याकडच्या नियमातही एक फट आहे. उमेदवाराकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असेल तर मर्यादा सव्विसापर्यंत जाते. आणि येथूनच आमच्या घरातला खरा पेच सुरू झाला. त्या परवान्यासाठी किमान दोनशे तासांचे उड्डाण लागते. बारामती आणि गोंदियासारख्या ठिकाणी तसे शिक्षण मिळते, पण राहण्या-जेवण्यासह आमच्या कानावर आलेला आकडा अर्ध्या कोटीला भिडणारा होता. एवढे पैसे आमच्याकडे एकाच रूपात होते: घरामागची वाडी. बावखलाच्या काठची ती जमीन आजीच्या नावावर आहे. आजूबाजूच्या वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या तरी तिने हिचा एक गुंठाही दिला नव्हता. बांधकामवाल्यांच्या माणसांना ती अंगणातूनच वाटेला लावत असे. तीच आजी एका रात्री जेवण आटोपल्यावर म्हणाली, "विका. माझ्यामागे विकणारच आहात, तर माझ्यादेखत पोरीच्या कामाला येऊ दे."

आम्हा उभयतांचे येथे एकमत झाले नाही. एकाचे म्हणणे, मुलासाठी घराघरांतून जमिनी विकल्या गेल्या, कुणी परदेशी धाडले, कुणी दुकान थाटून दिले, तेव्हा कुणाला वाईट वाटले नाही. मुलीची पाळी आली तेव्हाच वाडी पवित्र कशी झाली? दुसऱ्याचे म्हणणे, धाकट्याचा त्यात वाटा आहे, आणि बावखल एकदा बुजले की ते पुन्हा खणले जात नाही. तीन दिवस घरात आम्ही एकमेकांशी जरुरीपुरतेच बोललो.

चौथ्या दिवशी कन्येने एक कागद पुढे ठेवला. सव्विसाच्या मर्यादेत बसणारा तिचा शेवटचा प्रवेश जानेवारी २०२८ चा, त्याची परीक्षा फेब्रुवारी २०२७ मध्ये. त्याआधी परवाना मिळवायला हाती उरले होते चौदा महिने, त्यातले चार पावसाळ्याचे. परवान्याच्या लेखी परीक्षा निराळ्या. आणि इतके करून पुन्हा तीच ॲफकॅट, तेच निवड मंडळ, तीच गुणवत्ता यादी. कागदाच्या तळाशी तिने बेरीज केली नव्हती. ती आजीला म्हणाली, "आजी, वाडी विकून मला अर्ज भरायचा हक्क मिळेल गं, निवड नाही मिळणार. निवड मिळणार असती तर मीच तुझ्या अंगठ्याचा ठसा घेतला असता." आजीला सही येते. या उल्लेखाने तिला राग आला, आणि त्या रागात मूळ विषयावरचे बोलणे तेवढ्यापुरते थांबले. आम्हाला अजूनही वाटते की तिने तो शब्द मुद्दाम वापरला.

जमिनीवरील शाखांसाठी वयाची मर्यादा सव्वीस आहे. प्रशासन शाखेत विमानतळाच्या मनोऱ्यातून हवाई वाहतुकीचे नियंत्रण करण्याचे कामही येते. तो अर्ज तिने भरला. आम्ही काही सुचवले नव्हते आणि तिने विचारलेही नाही, फक्त अर्जाचे शुल्क भरायला वडिलांचे कार्ड मागितले. कपाटाच्या दाराआतले २०१६ चे कात्रण तिने काढलेले नाही. कडा पिवळ्या पडल्या म्हणून नव्या चिकटपट्टीने पुन्हा डकवले आहे. सध्या ती पहाटेच्या लोकलने अंधेरीला एका खासगी शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवायला जाते. संध्याकाळी परतल्यावर शेजारची अकरावीतली एक मुलगी तिच्याकडे गणिते घेऊन येते. त्या मुलीला एनडीएची परीक्षा द्यायची आहे. जन्मतारीख काय, हे कन्येने तिला पहिल्याच दिवशी विचारून घेतले.