घटकाभराचे सोबती

कवडसा अजून पडतो. दुपार कलली की खिडकीतून येतो, भिंतीला टेकतो, थरथरतो. पण त्याला कुणी कवडसा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

नुसता उजेड असतो. आणि शांतता.

डोंगराला आज नाव दिलं नाही तरी चालतं. उद्याही तो तिथेच असतो. नदी वाट बघते, वड वाट बघतो. तुला थांबता येत नव्हतं, कवडशा. तू येशील त्याच घडीला तुला ओळखणारं कुणीतरी घरात असावं लागे. आता तू बिनहाकेचा येतोस आणि बिनहाकेचा जातोस.

तुझं चालणं मला आठवतं. कौलाच्या फटीतून उतरलेली उन्हाची तिरकी काठी, तिच्यात वरखाली तरंगणारे धुळीचे कण, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर रुपयाएवढा गोल. सकाळी जात्यापाशी. मग मधल्या खांबाशी. मग चुलीच्या तोंडाशी, आणि तिथे तू पोचलास की आजी तांदूळ वैरायची. भिंतीवर घड्याळ होतं. ती बघायची तुझ्याकडे. मी मूठ मिटायचे. तू मुठीवर येऊन बसायचास.

आजी नाही. फट नाही. तू आहेस, आणि तुझं नाव कुणाच्या तोंडी नाही.

शिरवं.

अंगणातलं वाळवण उचलेस्तोवर येऊन गेलेली श्रावणाची सर. पत्र्यावर चार बोटं वाजल्यासारखी, की लगेच ऊन. मागे वळचणीला पागोळ्या ठिबकत राहायच्या, आणि तेवढाच काय तो आवाज घरात. बालकवींच्या श्रावणाच्या कवितेत हा शब्द अजून आहे. मुलं तो वर्गात तालावर पाठ म्हणतात. शाळा सुटते, तेच शिरवं त्यांच्या डोक्यावरून जातं, आणि मुलं म्हणतात, पाऊस.

बालकवी १८९० साली जन्मले आणि १९१८ साली गेले. इतकं थोडं आयुष्य मिळालेल्या माणसाने इतका थोडा टिकणारा पाऊस शब्दात राखून ठेवावा, याने मला दर श्रावणात भरून येतं.

आणि घटके, तू तर मोजून मिळायचीस. साठ विपळांचं पळ, साठ पळांची घटका, साठ घटका भरल्या की एक दिवस आणि एक रात्र. तांब्याचं पातळ पात्र, बुडाला बारीकसं भोक. पाण्यावर सोडलं की खालून पाणी चढू लागे. इतकं हळू, की बघणाऱ्याला ते चढताना दिसत नसे. फक्त मघापेक्षा जास्त दिसे. काठ पाण्याशी येई. पात्र जरासं कलतं न कलतं तोच बुडे. २४ मिनिटं. लग्नघरातला सगळा गलबला त्या वाटीपुढे गप्प होई.

तुझा काळ भरत जायचा. भरला की मगच बुडायचा. म्हातारं माणूस शेवटाला टेकलं तरी माणसं हेच म्हणत: घटका भरत आली. त्या शब्दांत रिकामं काही नव्हतं.

आता मिनिटं जातात. नुसती जातात.

तिन्हीसांजा मात्र मला अजून पोरकं करतात: दिवस मावळलेला आणि रात्र न झालेली ती वेळ, जेव्हा गुरं गोठ्याकडे वळायची आणि त्यांच्या खुरांची धूळ वेशीवर लोंबकळत राहायची, देवापाशी वात लागायची, निजलेल्याला हलवून उठवायचे, उंबऱ्यावर बसलेल्या पोराला आत ओढायचे, केर काढायचा नाही, कुणाला पैसे द्यायचे नाहीत, रडायचं तर मुळीच नाही, कारण आकाशच उंबऱ्यावर उभं असायचं, ना आत ना बाहेर, आणि ते पाऊल उचलून पलीकडे जाईपर्यंत, दिव्याभोवती अंधार नीट बसेपर्यंत, सगळं घर हळू आवाजात बोलायचं.

आता पडदे ओढले जातात. रात्र होते.

मधलं कुठे गेलं?

का गेलात, ते मी विचारत नाही. तिरीप, दहिवर, झुंजुमुंजू, तुम्हा कुणालाच नाही. कुणाकडून उत्तर घेऊन मी ते ठेवू कुठे? तुम्ही नाहीत, एवढंच मला दिसतं.

उघडीप तेवढी तगली. ‘पावसाने उघडीप दिली’ असं वर्तमानपत्रं अजून छापतात. ती ओळ दिसली की मी ती पुन्हा वाचते, मोठ्याने.

मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालची. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या वर्षांतले. त्या माणसांचे उपकार फिटणारे नाहीत. तिथे शब्द ओळीने उभे आहेत, अर्थासकट, आडोशाला. पण कोशात ऊन पडत नाही. तिथे कुणी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडत नाही, अगं ये, बघ, शिरवं आलं. आणि हे शब्द त्या ओरडण्यासाठीच होते. ज्याला घरात थांबायला वेळ नाही, त्याला दारातच भेटण्यासाठी.

म्हणून वाचणाऱ्यांनो, एवढं करा. येत्या श्रावणात एखादी सर उन्हातूनच येईल. घरातल्या लहानाला खिडकीशी बोलवा, आणि सांगा, हे शिरवं. ते पडत असतानाच सांगा. नंतर दाखवायला काही उरत नाही.