दुसरी एरियल

शिडाच्या होडीचे नाव काढले की कुणाच्याही डोळ्यांपुढे पांढरे शीड आणि निळे पाणी उभे राहते. मला मात्र अलीकडे तिची एरियल दिसू लागली आहे! माझ्या नव्या कादंबरीचा नायक पोलादी होडीतून एकटाच समुद्र ओलांडतो. तो घरी काय बोलतो हे मला ठाऊक होते. ते घरापर्यंत पोहोचते कसे, हे शोधावे लागले.

पोलादी होडीचा पहिला स्वभाव मौनाचा. तिच्या बंद केबिनमध्ये छोटा रेडिओ लावावा, तर तो मुका होतो. चहूबाजूंचे पोलाद लहरींना आत येऊ देत नाही. म्हणून एरियल बाहेर हवी, आणि होईल तितकी उंच. जवळच्या जहाजांशी बोलायच्या व्हीएचएफ रेडिओच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात. एरियल १६ मीटर उंच डोलकाठीच्या शेंड्यावर असली, तर तिचे क्षितिज सुमारे १६ किलोमीटरांवर; पाण्यापासून २ मीटरांवर हातात धरलेल्या यंत्राचे जेमतेम ६.

फार दूर बोलायचे, तर युक्ती निराळी. डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या तारेलाच एरियल करतात. तिच्या दोन्ही टोकांजवळ इन्शुलेटर बसवतात. खालचा हात पोहोचणार नाही इतका उंच, कारण बोलणे चालू असताना ती तार चटका देते. ट्यूनर नावाची पेटी तारेचा आणि लहरीचा मेळ घालते. त्या पेटीपासून तांब्याची रुंद पट्टी होडीच्या अंगाला जोडायची. लाकडी होडीवाल्याला यासाठी पाण्याखाली धातूचा पत्रा लावावा लागतो. पोलादी होडी तर स्वतःच समुद्राला धरून असते. आत आवाज कोंडणारे पोलादच बाहेरच्या आवाजाला पायाखाली भुई देते! अट एकच: तारेने वाटेत त्याला कुठेही शिवायचे नाही. शिवली, की आवाज पोलादात जिरला.

१९६८ साली बर्नार मॉईतेसिए 'जोशुआ' या पोलादी होडीतून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरला, तेव्हा त्याने बोलायचा रेडिओ नाकारला. निरोप तो गलोलीने जाणाऱ्या जहाजांवर फेकी! गोष्ट मोठी सुंदर. पण घरी वाट पाहणाऱ्यांच्या बाजूला बसून ऐकली, की तितकीशी गोड लागत नाही.

त्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ साली नवी शर्यत झाली. आपले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'तुरिया' या लाकडी होडीतून निघाले होते. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली. डोलकाठी पडली, की शेंड्यावरची एरियलही तिच्याबरोबर जाते. उपग्रहामार्फत निरोप धाडणाऱ्या छोट्या यंत्रातून चार शब्द किनाऱ्याला पोहोचले, आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले.

म्हणून माझ्या नायकाच्या होडीला मी मागच्या कठड्यावर दुसरी, आखूड एरियल बसवली आहे. तिचे क्षितिज लहान. पण डोलकाठी गेली तरी ती उभी राहील. नायकाने ती मागितली नव्हती. त्याच्या घरी वाट पाहणाऱ्या बाईचे मात्र मी तेवढे देणे लागत होतो.