कडेचा माणूस

हॅरी डीन स्टॅन्टन मला पहिल्यांदा दिसला तो मांजर शोधताना. ‘एलियन’ हा 1979चा सिनेमा आमच्याकडे यायला बराच उशीर झाला होता. इंग्रजी सिनेमा म्हणजे तेव्हा मॉर्निंग शो. अवकाशयानात सात माणसं, एक मांजर आणि कुठंतरी दडून बसलेला तो प्राणी. मांजर हुडकायला जातो तो ब्रेट नावाचा मेकॅनिक. उंच छताची अंधारी जागा, वरून लोंबणाऱ्या साखळ्या, टपटपणारं पाणी. याचं आता बरंवाईट होणार हे थिएटरातल्या सगळ्यांना कळून चुकलेलं. आणि हा गडी काय करतो? थांबतो, टोपी काढतो आणि तोंड वर करून ते पाणी चेहऱ्यावर घेतो. उकडत असतं त्याला. पाळी संपत आलेल्या कामगाराला नळाखाली डोकं धरून बरं वाटावं, तेवढंच त्याला बरं वाटतं. मग टोपी पुन्हा डोक्यावर आणि मांजराला हाका. थोड्याच वेळात त्याचा खेळ खलास.

मैत्रिणींनी उरलेला सिनेमा बोटांच्या फटीतून पाहिला. मी त्या टोपीपाशीच होते. ज्या पात्राचं कथेतलं काम मरण्यापुरतंच, त्यानं मरायच्या आधी स्वतःसाठी थोडा वेळ काढून घेतला होता.

हे मला टोचायला कारण होतं. मी तेव्हा राज्य नाट्य स्पर्धेत मोलकरणी करायचे. मोलकरणी, शेजारणी, एकदा नर्स. चहाचा ट्रे ठेवायचा, ‘बाईसाहेब, पाहुणे आलेत’ म्हणायचं आणि विंगेत जायचं. आमच्या दिग्दर्शकांचं एकच पालुपद, ‘तू काही करू नकोस गं, फक्त ट्रे ठेव.’ मला वाटायचं, एवढंसं काम मिळालंय तर त्यात काहीतरी करून दाखवायला नको? म्हणून मी पदराशी चाळा करायचे, मानेला झटका द्यायचे, जाता जाता प्रेक्षकांकडे एक नजर टाकायचे. सांगलीचे प्रेक्षक जाणकार. ते त्या वेळी खोकून घ्यायचे.

श्रेयनामावलीत त्याचं नाव वाचायचं राहूनच गेलं होतं. ते कळलं पुढं पुण्याला, नोकरीनिमित्त गेल्यावर, एका फिल्म सोसायटीत. ‘पॅरिस, टेक्सास’ हा विम वेंडर्सचा सिनेमा. वाळवंटातून एक माणूस चालत येतो. मळका सूट, टाय, डोक्यावर लाल टोपी. प्लास्टिकच्या कॅनमधला शेवटचा घोट संपवतो, कॅन टाकून देतो आणि पुढं चालू लागतो. बोलत नाही. भाऊ येतो, गाडीत घालून घरी न्यायला निघतो, तरी हा गप्प. पहिली जवळजवळ पंचवीस मिनिटं नायकाच्या तोंडून शब्द नाही आणि आपल्याला त्याची उणीव भासत नाही, कारण चेहराच तसा आहे. गाल आत गेलेले, डोळे कशालातरी मुकल्यासारखे. अरे, हा तर मांजरवाला!

मग मी त्याची कुंडली जमवायला लागले. तेव्हा इंटरनेट नव्हतं. सापडेल त्या मासिकातून, सिनेमाच्या जाड संदर्भग्रंथातून काही काही मिळायचं. जन्म 14 जुलै 1926चा, केंटकी राज्यातल्या वेस्ट अर्विन या छोट्या गावचा. वडील तंबाखूची शेती करायचे आणि न्हाव्याचाही धंदा. दुसऱ्या महायुद्धात हा नौदलात गेला तो आचारी म्हणून, आणि ओकिनावाच्या लढाईत रणगाडे उतरवणाऱ्या जहाजावर होता. परत आल्यावर केंटकी विद्यापीठ, तिथं ‘पिग्मॅलियन’ नाटकात काम, मग शिक्षण अर्धवट टाकून कॅलिफोर्नियातलं पॅसाडीना प्लेहाउस.

पुढची वर्षं म्हणजे निव्वळ हमाली. पन्नास-साठच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर वेस्टर्न मालिकांचं पीक आलं होतं. ‘गनस्मोक’, ‘रॉहाइड’ असल्या मालिकांना दर आठवड्याला नवा गुंड, नवा घोडेचोर, नवा फासावर जाणारा लागायचा. दाढीचे खुंट वाढलेला, हडकुळा स्टॅन्टन त्यात चपखल बसला. हॅरी स्टॅन्टन नावाचा आणखी एक नट आधीपासून असल्यामुळं कित्येक वर्षं त्याचं नाव ‘डीन स्टॅन्टन’ असं लागायचं. ओळख नाही ती नाहीच, वर नावही अर्धं.

असा शिक्का बसला की तो पुसत नाही. आपल्याकडे जगदीश राज यांनी पोलीस इन्स्पेक्टर इतक्या वेळा रंगवला की गिनीज बुकात नोंद झाली. खाकी वर्दी पाहूनच आम्ही त्यांना ओळखायचो. स्टॅन्टनचं झालं उलटं. शिक्का गुंडाचाच, पण प्रत्येक गुंड वेगळ्या गावचा वाटायचा.

हे कशानं झालं त्याची एक हकिकत त्यानं स्वतःच बऱ्याचदा सांगितली आहे. जॅक निकल्सन हा त्याचा जिवलग मित्र. दोघांनी एका घरात दिवस काढलेले, निकल्सनच्या लग्नात हा करवला. ‘राइड इन द व्हर्लविंड’ या 1966च्या वेस्टर्नची पटकथा निकल्सनची होती. त्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या दरोडेखोराचं काम त्यानं स्टॅन्टनला दिलं आणि बजावलं, काही करायचं नाही, अभिनय काय तो कपडे करतील, तू फक्त तू राहा. स्टॅन्टन म्हणायचा की आपली नटाची वाट तिथं सापडली.

वाचलं तेव्हा मला आमचे दिग्दर्शक आठवले आणि हसू आलं. शब्द तेच होते. पण या सल्ल्यात एक मेख आहे. काही न करणं कुणालाही जमतं असं नाही. त्यासाठी आधी आत काहीतरी साठलेलं लागतं. स्टॅन्टनजवळ ओकिनावा होतं, तंबाखूची शेतं होती. गाणंही होतं. ‘कूल हँड ल्यूक’ मध्ये पॉल न्यूमनच्या बरोबरीच्या कैद्यांत गिटार घेऊन बसलेला तो हाच. माझ्याजवळ तेव्हा फक्त ट्रे होता.

‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात तो एफबीआयचा माणूस म्हणून येऊन जातो. आधी मी तो सिनेमा तीनचारदा पाहूनही तो मला दिसला नव्हता. नंतर तोच दिसायला लागला. ही खोड मग जडली ती जडलीच. आजही नायक बोलत असला की माझं लक्ष मागं उभ्या असलेल्याकडं जातं. घरच्यांना याचा वैताग येतो, कारण कथा मला त्यांना विचारावी लागते.

तर ‘पॅरिस, टेक्सास’. 1983 साली सांता फे इथं एका बारमध्ये नाटककार सॅम शेपर्ड आणि स्टॅन्टन यांच्या गप्पा रंगल्या. त्याच त्या भूमिकांचा आपल्याला कंटाळा आलाय, काहीतरी सुंदर, हळवं करायचंय, असं हा बोलून गेला. शेपर्ड तेव्हा वेंडर्ससाठी लिहीत होता, हे याच्या गावीही नव्हतं. पुढं वाळवंटातून चालत येणाऱ्या त्या ट्रॅव्हिसची भूमिका याच्याकडं आली. पडद्यावर पाऊल टाकून पंचविसाच्या वर वर्षं झाल्यावर, वयाच्या 57व्या वर्षी, पहिली नायकाची भूमिका. सिनेमाला 1984मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च बहुमान, पाम दोर, मिळाला.

त्यातला काचेचा प्रसंग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. पैसे देऊन बायका पाहायची जागा. बाईला काचेच्या आरशात फक्त ती स्वतः दिसते, पलीकडच्या गिऱ्हाइकाला ती दिसते. ट्रॅव्हिस खुर्ची फिरवून बायकोकडे पाठ करून बसतो आणि फोनवरून तिला तिचीच गोष्ट सांगतो, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. केवढा मोठा संवाद आहे तो! दुसरा एखादा नट त्यावर तुटून पडला असता. हा नुसता सांगतो. आवाज चढत नाही, एका जागी जरासा अडखळतो, बस्स.

एवढं होऊनही ऑस्करचं साधं नामांकन त्याला कधी मिळालं नाही. नायक म्हणून रांग लागली असंही नाही. तो परत कडेला जाऊन उभा राहिला, आणि मला वाटतं त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नसावं. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी एक गमतीशीर नियम करून ठेवला होता: ज्या सिनेमात हॅरी डीन स्टॅन्टन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत आहे तो पूर्णपणे वाईट असूच शकत नाही. पुढं ‘ड्रीम अ लिटल ड्रीम’ पाहून त्यांना हा नियम मोडल्याचं कबूल करावं लागलं. कौतुकाच्या भरात या नियमातली एक गोष्ट निसटते. दोन मिनिटांचं काम करून कुणी सिनेमा वाचवू शकत नाही. तो आपली दोन मिनिटं तेवढी वाचवतो.

2017च्या ‘लकी’त तो नव्वदीचा, वाळवंटातल्या खेड्यात एकटा राहणारा म्हातारा झालाय. सकाळी उठून अंतर्वस्त्रांवर योगासनं, थंड दुधाचा ग्लास, शब्दकोडं, सिगरेट. त्या म्हाताऱ्याची नौदलातली नोकरीही आचाऱ्याचीच. दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच. ‘फार्गो’तला टपाल तिकिटांसाठी बदकाचं चित्र काढणारा तो गुबगुबीत नवरा. म्हणजे एका कडेच्या माणसानं दुसऱ्याला मधोमध आणून बसवलं. त्यात एका पोराच्या वाढदिवसाला हा म्हातारा उठून स्पॅनिश गाणं म्हणतो. आधी वाद्यांशिवाय, मग मारियाचीवाले साथ धरतात. आवाज फाटका, सूर पक्का. 15 सप्टेंबर 2017 रोजी तो गेला, वयाच्या 91व्या वर्षी, आणि पंधरवड्याच्या आत ‘लकी’ अमेरिकेत प्रदर्शित झाला.

त्याचं काय पाहू असं कुणी विचारलं तर लोक ‘पॅरिस, टेक्सास’ सांगतात. मी डेव्हिड लिंचचा ‘द स्ट्रेट स्टोरी’ सांगेन. आजारी भावाला भेटायला एक म्हातारा गवत कापायच्या यंत्रावर बसून आयोवातून विस्कॉन्सिनला जातो, ही खरी घडलेली गोष्ट. सिनेमाभर रिचर्ड फार्न्सवर्थ आहे. स्टॅन्टन येतो अगदी शेवटी, वॉकरच्या आधारानं, मोडकळीला आलेल्या घराच्या दारात. भावाकडं पाहतो, मग त्या यंत्राकडं पाहतो, आणि एवढ्या लांबून यावर बसून आलास का, एवढंच विचारतो. डोळे भरतात, पण तो ते पुसत नाही. पाहाच हा सिनेमा. जवळजवळ दोन तास सावकाश जातात. मध्येच उठू नका.